नवे भाग थांबले तेव्हा: मराठी वाहिन्यांचा २०२०चा उन्हाळा

"टीव्हीवर बघण्यासारखं काही उरलेलं नाही. एक तर रेसिपी, नाहीतर तेच तेच." मराठी घरांत ही तक्रार इतक्या वेळा ऐकू येते की तिला उत्तर द्यायची गरजही कुणाला वाटत नाही. वाहिन्यांचं म्हणणंही ठरलेलं असतं: लोक बघतात म्हणून आम्ही दाखवतो, आणि चोवीस तास नवं दाखवणं कुणालाच परवडणार नाही. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं आपापल्या जागी ठाम आहेत, कारण नेहमीचं काढून घेतलं तर प्रेक्षक काय करतील, हे करून बघायची वेळच कधी येत नाही.

२०२० साली ती आली. करोनाच्या साथीमुळे १९ मार्चला चित्रीकरणं थांबली आणि जुलैच्या मध्यापर्यंत मराठी मनोरंजन वाहिन्यांवर मालिकांचे नवे भाग जवळजवळ नव्हते. पुनःप्रक्षेपण, पाककृती, जुनं, नवं, या सगळ्यांची त्या महिन्यांत एकदमच परीक्षा झाली. माझं मत आधीच सांगते. पाककृतींच्या कार्यक्रमांवरचा आळ या प्रकरणात खोटा ठरतो आणि पुनःप्रक्षेपणावरचा अर्धाच खरा ठरतो. खरा दोष आहे तिथे मात्र सहसा कुणी बोट ठेवत नाही.

थांबण्याआधीचं वेळापत्रक

आधी एका मराठी वाहिनीचा साधा दिवस बघू. संध्याकाळी साडेसहा-सातपासून रात्री साडेदहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सात-आठ मालिका, सोमवार ते शनिवार. रविवारी एखादा 'महाएपिसोड' नाहीतर सिनेमा. म्हणजे रोजचा नवा माल साडेतीन-चार तासांचा. त्यातूनही जाहिरातींची वेळ वजा करावी लागते. तासाला बारा मिनिटांची मर्यादा नियमांत आहे. उरलेल्या वीस तासांत रात्रीच्याच मालिका दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा दुपारी दिसतात. सोबत टेलिशॉपिंग, भविष्य, एखादा सिनेमा आणि या सगळ्यात अर्धा तास पाककृतींचा.

त्या अर्ध्या तासावर इतका राग का, हे मला कधी पटलेलं नाही. झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' २००७ साली सुरू झालं, प्रशांत दामले सूत्रधार होते, पुढे संकर्षण कऱ्हाडे आले. ई टीव्ही मराठीवर आणि तिचंच नाव बदलून झालेल्या कलर्स मराठीवर 'मेजवानी' होती. प्रत्येक वाहिनीवर एखादाच असा कार्यक्रम, तोही बहुतेक वेळा दुपारचा. तरी लोकांच्या डोक्यात "टीव्हीवर सारखा स्वयंपाक चालू असतो" हे पक्कं बसलेलं. त्याचं एक कारण म्हणजे २०११च्या सुमाराला चोवीस तास खाण्यापिण्याला वाहिलेल्या वाहिन्या आल्या. संजीव कपूर यांची 'फूडफूड' आणि झी समूहाची 'खाना खजाना' त्यातल्याच. रिमोटने वाहिन्या बदलताना कुठे ना कुठे कढई दिसणारच. पण ज्या मराठी वाहिनीसमोर घरातली माणसं रोज बसतात, तिच्या दिवसात कढईचा वाटा नगण्य होता. मोठा वाटा कालच्याच मालिकेचा होता.

या दुपारच्या पुनःप्रक्षेपणालाही कारण आहे. रात्री आठ ते दहा हीच घरातल्या बाईची पोळ्या करण्याची, वाढण्याची, ओटा आवरण्याची वेळ. मालिका तिच्यासाठी बनते आणि तिलाच ती सलग बघता येत नाही. दुपारी दीड-दोनला कामं उरकल्यावर ती निवांत बघते. माझ्या आईचं वर्षानुवर्षं हेच आहे. रात्री ती स्वयंपाकघरातून नुसतं ऐकते, बघते ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तिच्यासाठी दुपारचा भाग हाच पहिला. ज्यांच्याकडे मोबाइल आणि डेटा आहे त्यांना ही सोय लागत नाही, पण ते सगळे नाहीत, आणि वयस्कर माणसांत तर नाहीतच.

१९ मार्च

चित्रपट आणि मालिका निर्मात्यांच्या संघटना आणि कामगारांचा महासंघ यांनी मिळून १९ ते ३१ मार्च चित्रीकरण बंद ठेवायचं ठरवलं. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी होती की हे दहा-बारा दिवसांचं आहे. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि ती समजूत संपली.

रोजच्या मालिकेचा धंदा किती हातातोंडाशी चालतो, हे बाहेरच्या माणसाला तोवर कळलेलं नव्हतं. तयार भागांच्या साठ्याला तिथे 'बँक' म्हणतात. मराठी मालिकेची बँक बऱ्याचदा आठवडाभराचीही नसते. आज चित्रित झालेलं दोन-तीन दिवसांत संपादकाच्या टेबलावरून थेट प्रक्षेपणाला जातं. म्हणून चित्रीकरण थांबलं तशी आठवड्या-दीड आठवड्यात मराठी वाहिन्यांची बँक रिकामी झाली. मालिका जिथे होत्या तिथेच अडकल्या, कुणाचं लग्न अर्ध्यावर, कुणाचं गुपित फुटायच्या बेतात.

त्याच वेळी बघणारे वाढले. सगळं घर चोवीस तास घरात. टीव्ही किती बघितला जातो ते मोजणाऱ्या बार्क आणि नील्सन या संस्थांच्या तेव्हाच्या अहवालांत एप्रिलच्या सुरुवातीला देशातला टीव्ही बघण्याचा एकूण वेळ टाळेबंदीआधीच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला दिसतो. जाहिराती मात्र आटल्या. दुकानं बंद, माल हलत नाही, मग जाहिरात कुणी आणि कशाची करायची? प्रेक्षक भरपूर, पैसा कमी, नवा माल शून्य. वाहिन्यांनी जुनं बाहेर काढलं.

जुनं कोणतं चाललं

२७ मार्चला तेव्हाचे माहिती आणि प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केलं आणि २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं 'रामायण' सकाळी नऊला आणि रात्री नऊला सुरू झालं. डीडी भारतीवर बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' आलं. १३ एप्रिलला 'डीडी रेट्रो' नावाची वाहिनीच निघाली. १६ एप्रिलचा 'रामायण'चा भाग ७.७ कोटी लोकांनी बघितला, असा दावा दूरदर्शनने केला. आकडा थोडा कमी-जास्त धरला तरी ज्या वाहिनीचा क्रमांक वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं ती त्या आठवड्यांत देशात पहिली होती.

'रामायण' पहिल्यांदा लागलं २५ जानेवारी १९८७ला आणि संपलं ३१ जुलै १९८८ला. मधे तेहतीस वर्षं गेली. कथा प्रत्येकाला पाठ, चित्र धूसर, युद्धातले बाण आजच्या मुलांना खेळण्यातले वाटावेत असे. पुनरावृत्तीचा याहून मोठा नमुना सापडणार नाही, आणि घराघरांत तीन पिढ्या तो एकत्र बसून बघत होत्या. बघितलेलं पुन्हा दाखवलं की लोक कंटाळतात, हा सरसकट नियम इथे मोडतो.

त्याच महिन्यांत मराठी वाहिन्यांनी आपल्या जुन्या गाजलेल्या मालिका पहिल्या भागापासून लावल्या. त्यांतल्या काही लोकांनी आवडीने बघितल्या. पण ज्यांची गोष्ट अर्ध्यावर अडकली होती, त्या चालू मालिकांचेच आदल्या महिन्यांतले भाग पुन्हा लागले तेव्हा आमच्या आजूबाजूला कुणी त्यांच्यापुढे टिकून बसलं नाही. पुनःप्रक्षेपण दोन्हीकडे होतं. ज्या गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे ती पुन्हा बघता येते. शेवट लांबवत ठेवणं हेच जिचं काम, तिच्यात पुन्हा बघावं असं काही साठत नाही. दाराआडून चोरून ऐकणारी बाई पहिल्यांदा धक्का देते. पुढे काय झालं हे कळल्यावर त्या प्रसंगात उरतं फक्त पार्श्वसंगीत.

म्हणून तक्रार तपासताना मी पुनःप्रक्षेपण आणि साचा यांना वेगळं धरते. साच्यातली मालिका रोज नवीन असते, कालचा भाग आज लागत नाही, तरी बघणाऱ्याला ती शंभर वेळा बघितल्यासारखी वाटते. प्रत्येक मालिकेत त्याच महिन्यात वटपौर्णिमा, त्याच महिन्यात मंगळागौर, तोच गणपती, मग दोन मालिकांचा 'महासंगम'. "तेच तेच" म्हणणाऱ्या माणसाचं बोट बहुतेक वेळा या नव्या भागांकडेच असतं, दुपारच्या पुनःप्रक्षेपणाकडे फार कमी वेळा.

पुनःप्रक्षेपणाचा खर्च कुणावर पडतो

या प्रकरणातला हा भाग प्रेक्षकाला दिसत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मालिकेच्या सेटवर प्रकाशयोजनेची माणसं, स्पॉटदादा, मेकअप, वेशभूषा, सेटिंगवाले, जनरेटरवाले, जेवण आणणारे अशी मोठी फौज असते. त्यातल्या बहुतेकांचं पोट दिवसाच्या हजेरीवर चालतं. या धंद्यात काम केल्यावर पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत आहे. म्हणजे मार्चमध्ये काम थांबलं तेव्हा अनेकांच्या हातात डिसेंबरच्या कामाचे पैसे नुकते आले होते, आणि जानेवारीपासूनचे कधी मिळतील याचा पत्ता नव्हता. नटांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी ही मुदत तीस दिवसांवर आणा अशी मागणी तेव्हाच लावून धरली.

आता याच काळात त्याच माणसांनी केलेलं जुनं काम पडद्यावर रोज दिसत होतं. त्याचा त्यांना सहसा काही मोबदला मिळत नाही. मालिका वाहिनीची मालमत्ता असते, ती कितीदा लावायची हा तिचा प्रश्न. लेखकाच्या आणि संगीतकाराच्या मानधनाबाबत २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने काही हक्क दिले, पण तिवई धरून उभ्या राहणाऱ्या माणसापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. प्रेक्षकाला पुनःप्रक्षेपण म्हणजे कंटाळा. सेटवरच्या कामगाराला ते म्हणजे हजेरी नसलेला दिवस. वाहिनीला ते जवळजवळ फुकट पडतं, आणि जे फुकट पडतं ते वेळापत्रकात पसरत जातं.

स्वयंपाकघराचं काय झालं

टाळेबंदीत घराघरांत स्वयंपाक वाढला. पुण्यात खोली घेऊन राहणारी, मेस बंद पडलेली मुलं पहिल्यांदा कणीक मळत होती. बाहेरची पाणीपुरी मिळेना म्हणून पुऱ्या घरी लाटल्या जात होत्या. भाजी दोन दिवसांआड मिळायची, म्हणून डब्यातली कडधान्यं, सांडगे, वाळवणं बाहेर निघाली. पाककृतींच्या कार्यक्रमाची गरज खरं तर कधी नव्हे इतकी होती. पण टीव्हीवर नवा पाककृतींचा कार्यक्रम तयार होत नव्हता. लोक मोबाइलकडे गेले.

ते जाणं आधीच सुरू झालेलं होतं. मधुरा बाचल यांची 'मधुराज रेसिपी' यूट्यूबवर २००९ पासून आहे. तिच्यामागून अनेकजणी आल्या. पाककृती ही वस्तूच अशी आहे की ती लागते तेव्हाच लागते. दुपारी दीड वाजता टीव्हीने सांगितलेले अळूवडीचे प्रमाण पुढच्या आठवड्यात अळू मिळेल तेव्हा आठवत नाही. पूर्वी म्हणूनच टीव्हीसमोर वही-पेन घेऊन बसायची पद्धत होती. मोबाइलवर हात पिठात असताना चित्र थांबवता येतं, मागे नेता येतं. पीठ किती सैल हवं ते पुन्हा बघता येतं. शिकवण्याच्या कामात टीव्ही इथे हरला, आणि तो हरणारच होता.

मग टीव्हीवरच्या पाककृतीत काय उरतं? मला जे हवं होतं ते शिकवण्यात कधी नव्हतंच. ते माणसांत होतं. मराठी वाहिनीवर संध्याकाळी जी घरं दिसतात ती मुंबई-ठाण्यात उभ्या केलेल्या सेटवरची, त्यांत मराठवाड्याची किंवा वऱ्हाडाची बोली आली तरी ती बहुधा पात्राचा विशेष म्हणून येते. पाककृतींच्या कार्यक्रमात जळगावची बाई येते, तिच्या बोलीत बोलते, शेवभाजीला मसाला कसा भाजायचा ते सांगते. मराठवाड्यातली येसर आमटी, विदर्भातले रोडगे, कोकणातलं सांदण, सोलापूरची शेंगाचटणी, हे पदार्थ मुंबईतल्या कितीतरी प्रेक्षकांनी पहिल्यांदा अशाच अर्ध्या तासात बघितले. बाईला लिहून दिलेले संवाद नसतात. ती अडखळते, सासूचं नाव घेते, आजीची आठवण काढते. कढईत काय चाललंय यापेक्षा हे मोलाचं होतं.

'होम मिनिस्टर'चंही तसंच आहे. २००४ पासून आदेश बांदेकर घराघरांत जात होते, तोच खेळ, तीच पैठणी. चौकट वर्षानुवर्षं बदलली नाही. पण दार उघडणारी बाई रोज वेगळी. हा कार्यक्रम त्याच टाळेबंदीत जूनमध्ये 'घरच्या घरी' रूपात परत आला, भावोजी आपल्या घरी आणि वहिनी आपल्या घरी, मधे फोनचा पडदा. चित्र अस्पष्ट यायचं, आवाज तुटायचा. तरी त्या आठवड्यांत मराठी वाहिन्यांवर दिसणारं जे थोडंफार नवं आणि खरं होतं, त्यातलं ते एक होतं. चौकट जुनी आणि माणूस नवा, या पुनरावृत्तीला मी हसतमुखाने मान्यता देईन.

जे अशक्य म्हणत होते ते

नवं बनवणं अशक्य आहे, हा वाहिन्यांचा त्या काळातला युक्तिवाद. तो बराचसा खरा होता. पण दोन उदाहरणं त्याच्या विरोधात उभी राहतात.

सोनी मराठीवर मे २०२० मध्ये 'आठशे खिडक्या नऊशे दारं' ही मालिका आली. एका मोठ्या गृहसंकुलातल्या लोकांची गोष्ट. नटांनी आपापल्या घरात, घरातल्याच माणसांच्या मदतीने मोबाइलवर चित्रित केलेली. ती फार मोठी कलाकृती होती असं मी म्हणत नाही. पण तिच्यात भरजरी साड्या नव्हत्या, सेटवरचा उजेड नव्हता, आणि लोक खरोखर ज्या अवस्थेत होते त्या अवस्थेबद्दल ती बोलत होती. संध्याकाळच्या मालिकांत ही गोष्ट अनेक वर्षांत घडली नव्हती.

दुसरं उदाहरण दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीचं. २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झालं. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या म्हणजे एमकेसीएलच्या पुढाकाराने झालेली ही मालिका बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली होती, आणि ती पाठ शिकवण्यापेक्षा घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन मुलांनी काय करून बघायचं ते दाखवत होती. शाळा बंद, स्मार्टफोन नाही, नेटवर्क नाही, अशा घरात टीव्हीच काय तो आधार होता. प्रत्येक इयत्तेसाठी वेगळे भाग, रोज नवे, तेही साथीच्या ऐन भरात. व्यापारी वाहिन्यांकडे यापेक्षा कितीतरी जास्त यंत्रणा होती.

इथे मुंबई दूरदर्शनची आठवण येतेच. २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालेलं ते केंद्र दिवसाचे थोडेच तास चालायचं आणि त्या थोड्या तासांत 'आमची माती आमची माणसं' होती, 'कामगार विश्व' होतं, 'ज्ञानदीप' होतं, 'गजरा' होता, 'प्रतिभा आणि प्रतिमा' होती. शेतकरी, गिरणी कामगार, नाटकवाला, लेखक, सगळ्यांना आठवड्यात एखादा अर्धा तास ठरलेला. ते सगळं चांगलंच होतं असं नाही, रटाळही पुष्कळ होतं. पण वेळापत्रक आखणाऱ्याला समाजात कोण कोण आहे याची यादी डोळ्यांसमोर ठेवावी लागत होती. आताच्या वेळापत्रकात ती यादी नाही. तिथे 'स्लॉट' आहेत आणि दर गुरुवारी येणारा टीआरपीचा, म्हणजे किती जणांनी काय बघितलं त्याचा, आकडा आहे. तो आकडा त्या सुमाराला देशभरातल्या सुमारे ४४ हजार घरांमधल्या मीटरवरून निघत होता. टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या आसपास. संख्याशास्त्राच्या हिशेबात नमुना एवढा चालतो, पण त्यातून मिळतं ते समोर ठेवलेल्यापैकी काय बघितलं गेलं एवढंच. जे कधी दाखवलंच नाही ते किती जणांना हवं होतं, हे कुठल्याच मीटरवर उमटत नाही.

१३ जुलै

३१ मेला महाराष्ट्र सरकारने नियम घालून चित्रीकरणाला परवानगी दिली. मोजकी माणसं, तपासणी, अंतर, आणि पासष्ट वर्षांवरच्या कलाकारांना बंदी. 'अग्गबाई सासूबाई'मध्ये आजोबांची भूमिका करणारे रवी पटवर्धन तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. घराघरांच्या गोष्टी सांगणाऱ्या मालिकांत आजी-आजोबाच नसणार, अशी ती स्थिती होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टच्या सुरुवातीला वयाची ही अट रद्द केली.

१३ जुलैपासून झी मराठीवर नवे भाग सुरू झाले, इतर वाहिन्याही मागेपुढे आल्या. चार महिने मिळाले होते. गोष्टी नव्याने विचारात घेण्याची एवढी मोठी सक्तीची सुट्टी या धंद्याला कधी मिळाली नव्हती. बहुतेक मालिका जिथे थांबल्या होत्या त्याच वाक्यापासून पुढे सुरू झाल्या.

त्यानंतर जे झालं ते जास्त बोलकं आहे. वर्ष संपेपर्यंत स्टार प्रवाह मराठीत पहिल्या क्रमांकावर गेली. तिला वर नेणाऱ्या मालिका बघा. 'आई कुठे काय करते' मूळ बंगाली 'श्रीमोयी'. 'रंग माझा वेगळा' मूळ मल्याळम 'करुत्तमुत्तु'. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या 'सुख म्हणजे नक्की काय असतं' आणि 'फुलाला सुगंध मातीचा' अनुक्रमे बंगाली 'के आपोन के पोर' आणि हिंदी 'दिया और बाती हम'वरून. एकाच समूहाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या वाहिन्या आपापसांत गोष्टी फिरवतात. एका भाषेत चाललेली मालिका दुसरीकडे पडण्याची भीती कमी, हा त्यामागचा हिशेब.

मी या मालिकांना कमी लेखत नाही. 'आई कुठे काय करते'मधली मधुराणी गोखले-प्रभुलकर यांची अरुंधती अनेक घरांतल्या बायकांना आपली वाटली, आणि ती वाटावी इतकं काम त्यांनी केलं. पण पुनरावृत्तीचा प्रश्न विचारायचा तर तो इथे विचारायला हवा. प्रेक्षकाला दुपारचं पुनःप्रक्षेपण ओळखता येतं, कारण काल बघितलेलं असतं. ही पुनरावृत्ती त्याला ओळखू येत नाही, कारण मूळ मालिका त्याच्या भाषेत नव्हती. मराठी मालिका-लेखकाला मात्र ती रोज जाणवते. त्याच्या हातात मूळ मालिकेचा आराखडा येतो, आणि साताऱ्याची, लातूरची, चंद्रपूरची जी गोष्ट त्याच्याकडे आहे तिला जागा उरत नाही.

एप्रिल २०२१

पुढच्या वर्षी महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले, १४ एप्रिलपासून चित्रीकरण बंद. या वेळी वाहिन्यांनी वाट बघितली नाही. अनेक मालिकांचे ताफे काही दिवसांत गोवा, सिल्वासा, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी हलले. अनेक मालिकांत एकाएकी सहली निघाल्या, घरं बदलली, पात्रं कुठल्या तरी बंगल्यावर राहायला गेली. गोव्यात तेव्हा दुसरी लाट शिगेला होती, इस्पितळांत जागा मिळत नव्हती. मडगावच्या रवींद्र भवनातल्या एका चित्रीकरणावरून तिथे मोठा वाद झाला आणि मेच्या सुरुवातीला गोव्याने परवानग्या मागे घेतल्या. गोवेकरांचा राग मला रास्त वाटतो. बाहेरच्या राज्यातली शंभर-शंभर माणसं त्या दिवसांत एका सभागृहात एकत्र आणणं समर्थनीय नव्हतं.

जे वाहिन्यांचे लोक एरवी पुनःप्रक्षेपणाला प्रेक्षकांची हरकत नसते असं सांगतात, त्यांनीच नवा भाग चुकू नये म्हणून ऐन साथीत राज्याची हद्द ओलांडण्याचा खर्च आणि धोका पत्करला. २०२०चे महिने त्यांनी बघितले होते. नवं नसेल तर जाहिरातदार जातो, हे त्यांना पुरेपूर कळलेलं होतं. त्या खर्चातून रोजचा एक भाग राखला गेला. तोच खर्च दुपारच्या एका नव्या तासावर कधी होत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये झी मराठीवर 'किचन कल्लाकार' आलं. सूत्रधार संकर्षण कऱ्हाडे, महाराजांच्या भूमिकेत प्रशांत दामले, आणि ओट्याशी धावपळ करणारे मालिकांतले नट-नट्या. स्वयंपाकघर रात्रीच्या वेळेत आलं, करमणूकही झाली. जळगावच्या बाईची जागा तिथे त्याच वाहिनीच्या मालिकेतल्या नायिकेने घेतली. पाककृती टीव्हीवर जास्त झाल्या असं म्हणणाऱ्यांनी हा बदल बारकाईने बघावा. कमी झाली ती माणसं.

मागायचं काय

या प्रकरणातून माझ्या हाती तीन मागण्या लागतात, आणि त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली अगदी सोपी. प्रत्येक पुनःप्रक्षेपणावर पडद्याच्या कोपऱ्यात मूळ प्रक्षेपणाची तारीख लिहावी. आता 'पुन्हा पाहा' एवढंच येतं, कधी तेही येत नाही. वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकाला तो ताजा माल घेतोय की शिळा, हे कळलं पाहिजे.

दुसरी कामगारांची. जितक्यांदा भाग लागेल तितक्यांदा त्याच्या निर्मितीतल्या माणसांना थोडा का होईना मोबदला मिळावा. पुनःप्रक्षेपण फुकट राहिलं नाही की ते आपोआप तेवढंच उरेल जेवढं आईसारख्या प्रेक्षकांना खरोखर लागतं. वाहिन्या हे आपण होऊन करणार नाहीत, संघटनांना ते करारात घालून घ्यावं लागेल, जशा नव्वद दिवसांची मुदत कमी करण्यासाठी त्या भांडल्या.

तिसरी दुपारच्या एका तासाची, आणि ती मला सगळ्यात जवळची आहे. आठवड्यातून पाच दिवस, एक तास, सेटबाहेर. त्यात पाककृती असेल तर असू दे, नव्हे, असावीच. पण ती गडचिरोलीच्या, परभणीच्या, कणकवलीच्या घरात जाऊन केलेली असावी, आणि तिच्या शेजारी एखाद्या दिवशी शेती, एखाद्या दिवशी गाणं, एखाद्या दिवशी शाळेतली मुलं असावीत. दोन कॅमेरे, चार माणसं आणि एक गाडी एवढ्यात हे होतं. ज्या नटांनी टाळेबंदीत स्वतःच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात मालिका करून दाखवली आणि ज्या शिक्षकांनी साथीत रोज आठ इयत्तांचं काम उभं केलं, त्यांच्यानंतर हे जमणार नाही असं कुठल्या वाहिनीने मला सांगू नये.